सुटका करून आणलेला रॅट स्नेक भक्ष्य वारंवार ओकत असेल तर

दुर्लक्षित अवस्थेतून घरी आणलेला रॅट स्नेक बहुधा अधाशासारखा खातो, आणि अडचणीला तिथूनच सुरुवात होते. पहिले भक्ष्य त्याने क्षणात गिळले म्हणून पाळणारा निश्चिंत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेटी उघडताच सडका वास येतो आणि कोपऱ्यात अर्धवट पचलेला उंदीर पडलेला दिसतो. आधीच हाडे दिसणारा साप आता उपाशी राहील या धास्तीने आठवडा उलटण्याआधीच दुसरा उंदीर दिला जातो, तोही बाहेर येतो, आणि दर खेपेला साप आणखी खंगत जातो. अशा सापाला भूक लागणे आणि त्याला पचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पचनाची तयारी होण्याआधी दिलेले प्रत्येक भक्ष्य त्याचे दुखणे वाढवते, आणि पुढील सर्व उपाय याच एका गोष्टीवर बेतलेले आहेत.

हे विवेचन पॅन्थेरोफिस या प्रजातीतील सापांना लागू आहे, म्हणजे काळा रॅट स्नेक, टेक्सास रॅट स्नेक, पिवळा रॅट स्नेक आणि त्यांचाच भाईबंद असलेला कॉर्न स्नेक. हे मूळचे उत्तर अमेरिकेतील, बिनविषारी, भक्ष्याला विळख्यात आवळून मारणारे आणि नीट सांभाळल्यास पंधरा-वीस वर्षे जगणारे साप आहेत. धामण ही निराळ्या प्रजातीतील असून भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. ती पाळता येत नाही, त्यामुळे जखमी किंवा अशक्त धामण आढळल्यास ती वन विभागाच्याच हवाली करावी.

एकदा ओकणे हे सापाच्या दृष्टीने साधे प्रकरण नसते. भक्ष्याबरोबर जठरातील आम्ल वर येते आणि अन्ननलिकेचे अस्तर पोळते. शरीरातील पाणी व क्षार जातात. पचनाला मदत करणारे जीवाणूही मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. हे सारे भरून येण्यापूर्वी दुसरे भक्ष्य आत गेले, तर ते सुजलेल्या जठरात पडते आणि पुन्हा बाहेर येण्याचीच शक्यता अधिक असते. म्हणून पहिला नियम असा की, ओकल्यानंतर किमान १० ते १४ दिवस काहीही खायला द्यायचे नाही, मात्र स्वच्छ पाणी अखंड ठेवायचे. उपाशी सापाला आणखी दोन आठवडे उपाशी ठेवणे मनाला पटत नाही, हे खरे. परंतु प्रौढ सापाला एवढा काळ अन्नाविना सहज निभावता येतो, तर दोन-तीन वेळा लागोपाठ ओकणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

आधी ओकलेले भक्ष्य पाहा

घाण वाटली तरी ते लगेच फेकून देऊ नये. हातमोजे घालून ते पांढऱ्या कागदावर ठेवावे आणि उजेडात नीट पाहावे. साप भक्ष्य बहुधा डोक्याकडून गिळतो, त्यामुळे पचनाची सुरुवात डोक्याकडून होते आणि शेपटीकडचा भाग सर्वांत शेवटी विरघळतो. डोके शाबूत आहे, केस नुसते ओले होऊन चिकटले आहेत आणि वास फारसा नाही, असे दिसले तर भक्ष्य दिवसभराच्या आत बाहेर आले आहे आणि पचन सुरूच झाले नव्हते. अशा वेळी कारण बहुधा साधे असते: खाल्ल्यानंतर सापाला हाताळले गेले, तो कशाला तरी बिचकला, भक्ष्य फार मोठे होते किंवा गोठवलेला उंदीर वरून मऊ लागला तरी त्याच्या पोटातला गाभा थंडच राहिला होता.

डोके व खांदे विरघळून कवटीची हाडे उघडी पडली आहेत, परंतु मागचा भाग तसाच आहे, त्याचे पोट हिरवट होऊन फुगले आहे आणि वासाने खोलीत उभे राहवत नाही, असे चित्र दोन ते चार दिवसांनी दिसले तर उष्णतेकडे वळावे. आणि आठवडा किंवा त्याहून अधिक काळाने, पातळ लगद्यासारखे, पुष्कळ चिकट स्राव अथवा रक्त मिसळलेले काही बाहेर आले तर घरगुती तर्क थांबवून पशुवैद्याकडे जावे. या खुणा दिशा दाखवतात, निदान करीत नाहीत. म्हणूनच तपासून झालेला नमुना घट्ट झाकणाच्या डबीत घालून, अन्नपदार्थांपासून वेगळा, थंड ठेवावा. सापांची माहिती असलेला पशुवैद्य तो हमखास मागतो.

उष्णता: बहुतेक वेळा चूक इथेच असते

साप पचनासाठी बाहेरच्या उबेवर अवलंबून असतो. पुरेशी ऊब नसेल तर पाचक रस मंद पडतात, परंतु मेलेल्या उंदराच्या आतड्यांतले जीवाणू मात्र त्यांचे काम थांबवीत नाहीत. त्यामुळे भक्ष्य पचण्याऐवजी आतल्या आत कुजू लागते, वायू धरतो, आणि विषबाधा टाळण्यासाठी साप ते बाहेर टाकतो. थोडक्यात, ओकणे ही त्याच्या शरीराने केलेली बचावाची कृती असते.

सावरत असलेल्या रॅट स्नेकसाठी पेटीच्या एका टोकाला २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २२ ते २४ अंश तापमान असावे. निरोगी सापाला रात्रीचा थोडा गारवा चालतो. मात्र ओकणाऱ्या सापाच्या बाबतीत उबदार टोक रात्रीही २६ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, असे मी सुचवीन. हे आकडे बहुतेकांना ठाऊक असतात आणि विचारल्यावर ‘तापमान बरोबर आहे’ असेच उत्तर येते. प्रश्न असतो तो मोजले कुठे आणि केव्हा याचा.

काचेच्या भिंतीला वरच्या बाजूस चिकटवलेला गोल तबकडीचा तापमापक दिव्याजवळच्या हवेचे तापमान दाखवतो. तिथे २९ अंश असताना तळाशी, जिथे सापाचे पोट टेकते, तिथे २३ अंशही असू शकतात. दुसरी नेहमीची फसगत रात्रीची आहे: दिवसा दिव्याने पेटी छान तापते, झोपताना दिवा बंद होतो आणि पहाटेपर्यंत पेटी खोलीइतकी थंड होते. अर्धा दिवस पचन आणि अर्धा दिवस सडणे असा प्रकार चालला, तर दिवसाच्या नोंदी कितीही अचूक असल्या तरी उपयोग नाही. म्हणून वायरच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल तापमापक घ्यावा, संवेदक उबदार टोकाच्या लपणीच्या आत तळाला चिकटवावा आणि चोवीस तासांतले किमान व कमाल तापमान पाहावे. हा आकडा सलग दोन-तीन दिवस स्थिर राहिल्यावरच खाण्याचा विचार करावा.

उलट चूकही होते. सापाला ऊब हवी म्हणून लहान पेटीखाली मोठी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, घातली की थंड टोक उरतच नाही; सर्वत्र ३३-३४ अंश झाले तरी साप ओकतो, किंवा दिवसभर पाण्याच्या भांड्यात पडून राहतो. थर्मोस्टॅटविना, म्हणजे ठरलेले तापमान राखणाऱ्या उपकरणाविना, चालवलेल्या मॅटने पोटाच्या खवल्यांना भाजते, आणि साप जागचा हलत नाही म्हणून ते कित्येक दिवस लक्षात येत नाही. मॅट कोणतीही असो, थर्मोस्टॅट अनिवार्य आहे. तापणारे कृत्रिम दगड तर वापरूच नयेत, कारण ते सर्वत्र सारखे तापत नाहीत.

आता लपणीविषयी, कारण तिचा उष्णतेशी थेट संबंध आहे आणि बहुतेक जण तिला शोभेची वस्तू समजतात. पेटीत एकच लपण असेल आणि ती थंड टोकाला असेल, तर घाबरलेला साप पोट भरल्यावरही तिथेच जाऊन बसतो. ऊब आणि आडोसा यांपैकी एकच निवडायची वेळ आली तर तो आडोसा निवडतो. मग उबदार टोकाचे तापमान अचूक असूनही त्याच्या वाट्याला ते येत नाही. त्यामुळे दोन्ही टोकांना एकेक, अंगाला चारी बाजूंनी टेकेल इतकी अरुंद लपण ठेवणे आवश्यक आहे. ऐसपैस गुहेपेक्षा उलटा ठेवलेला, एका बाजूला भोक पाडलेला प्लॅस्टिकचा डबा अशा सापाला अधिक आवडतो. पेटीची समोरची बाजू सोडून इतर बाजूंना बाहेरून कागद लावल्यास त्याचे बिचकणेही बरेच कमी होते.

तळाला या काळात साधा कागद किंवा पेपर टॉवेल असावा. देवदार आणि पाइनचा भुसा मुळीच वापरू नये, त्यातील तेलांची वाफ सापांना अपायकारक असते. कागद दिसायला रुक्ष असला तरी त्यावर विष्ठा, ओकारी, रक्ताचा ठिपका आणि गोचिडीसारखे परजीवी चटकन दिसतात, आणि सध्या आपल्याला तेच हवे आहे.

पाणी अन्नाच्या आधी

उपेक्षित सापाचे रिकामे पोट आपल्याला दिसते, परंतु त्याच्या शरीरातला पाण्याचा दुष्काळ बहुधा नजरेतून सुटतो. अंगावर उभ्या सुरकुत्या पडणे, वळल्यावर कातडीची घडी तशीच राहणे, डोळे आत गेलेले दिसणे, तोंडातील लाळ दोऱ्यासारखी चिकट होणे, ही त्याची लक्षणे होत. आणखी एक खूण विष्ठेत सापडते. सापाच्या मूत्रातला घन भाग, म्हणजे युरेट, निरोगी अवस्थेत पांढरट आणि मऊ असतो. तो गर्द पिवळा किंवा नारिंगी आणि खड्यासारखा कडक येत असेल तर मूत्रपिंडांवर ताण आहे असे समजावे. प्रथिने पचवताना युरिक आम्ल तयार होते आणि ते बाहेर टाकायला पाणी लागते. कोरड्या पडलेल्या सापाला मोठा उंदीर देणे म्हणूनच दुहेरी संकट ठरते.

उपाय सोपा आहे. झाकणाला भोके असलेल्या डब्यात २७ ते २९ अंशांचे कोमट पाणी घ्यावे; खोली एवढीच ठेवावी की सापाचे अर्धे अंग बुडेल आणि डोके विनासायास वर राहील. त्यात त्याला १५ ते २० मिनिटे ठेवावे, आणि तेवढा वेळ तिथून हलू नये, कारण अशक्त साप उथळ पाण्यातही बुडू शकतो. फार अशक्त असल्यास पाण्याऐवजी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या टॉवेलच्या घड्यांत ठेवलेले बरे. पहिल्या आठवड्यात हे एक दिवसाआड करावे. त्याहून अधिक वेळा केल्यास हाताळण्याचाच त्रास वाढतो. याने सुधारणा दिसली नाही तर पशुवैद्य कातडीखाली किंवा शरीरपोकळीत द्रव देतात, ते घरी करण्याचे काम नव्हे.

याच उपायाने अर्धवट अडकलेली कातही सैल होते. डोळ्यांवर राहिलेली कातेची चकती चिमट्याने ओढू नये, खालच्या पारदर्शक खवल्याला इजा झाली तर डोळा जातो. ओलसर शेवाळ भरलेली लपण ठेवली की पुढच्या कातेबरोबर ती बहुधा निघते. डोळे निळसर दुधी झाले असतील, म्हणजे कात जवळ आली असेल, तर त्या काळात खायला देणे टाळावे.

खाणे पुन्हा कसे सुरू करावे

विश्रांतीचा काळ पूर्ण झाला, तापमान स्थिर आहे, अंगावरच्या सुरकुत्या कमी झाल्या आहेत, अशा अवस्थेत पहिले भक्ष्य द्यावे, आणि ते हास्यास्पद वाटेल इतके लहान असावे. निरोगी प्रौढ रॅट स्नेकला त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतक्या किंवा किंचित अधिक जाडीचा उंदीर चालतो. ओकणाऱ्या सापाला मात्र त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून कमी वजनाचे, केस न आलेले पिल्लू, म्हणजे पिंकी, द्यावे. केस नसल्याने आणि हाडे मऊ असल्याने ते लवकर पचते. दीड मीटर लांबीच्या सापासमोर बोटाच्या पेराएवढे पिल्लू ठेवताना हात आखडतो, पण तोच हात मोठ्या उंदराकडे जाऊ देऊ नये.

गोठवलेले भक्ष्य रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वितळवावे आणि देण्याआधी पिशवीत घालून कोमट पाण्यात पूर्ण गरम करावे. मायक्रोवेव्हमध्ये ते आतून शिजते किंवा फुटते. जिवंत उंदीर देऊ नये. अशक्त सापाला त्याने चावून केलेल्या जखमा मी पाहिल्या आहेत आणि त्या भरायला महिने लागतात. चिमट्याने धरून दिलेले भक्ष्य सापाने घेतले नाही तर ते लपणीच्या तोंडाशी ठेवून रात्रभर एकांत द्यावा. सकाळपर्यंत तसेच राहिले तर उचलून टाकावे आणि आठवड्याने पुन्हा प्रयत्न करावा. तोंड उघडून बळेच भरवणे पशुवैद्याच्या सांगण्यावाचून कधीही करू नये.

खाल्ल्यानंतर किमान पाच दिवस सापाला हात लावू नये. पाणी बदलायचे असेल तेवढेच पेटी उघडावी. रॅट स्नेक बिचकला की मान नागमोडी आखडून घेतो आणि शेपूट कागदावर फडफडवतो; तो आवाज ऐकू आला तर समजावे की आपण फार जवळ गेलो आहोत. पहिले पिल्लू आत राहिले तर आठ ते दहा दिवसांनी तेवढेच दुसरे द्यावे. अशी दोन-तीन भक्ष्ये पचून विष्ठा झाली की आकार एका पायरीने वाढवावा, आणि एका वेळी आकार किंवा अंतर यांपैकी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे बिघडले तर कशाने बिघडले हे कळते. मध्येच पुन्हा ओकला तर पुन्हा दोन आठवडे विश्रांती, आणि त्यानंतर मागच्या पायरीवरून सुरुवात. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. खाल्ल्यानंतरचे पाच दिवस मात्र वगळावेत.

पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला, दोन्ही बाजू खोल गेलेल्या आणि आडव्या छेदात अंग त्रिकोणी दिसणारे असे हाडांचे सापळे झालेले साप या वेळापत्रकात बसत नाहीत. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फरस आणि पोटॅशियम वेगाने पेशींमध्ये ओढले जातात, त्यांची रक्तातली पातळी कोसळते आणि खाल्लेले पोटात टिकूनही साप दगावू शकतो. अशा सापाला सुरुवातीचे पोषण नळीने, मोजून, पातळ स्वरूपात आणि पशुवैद्याच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. बाजारात मिळणाऱ्या जीवाणूंच्या भुकट्या भक्ष्यावर शिंपडण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने सहसा अपाय होत नाही, पण ऊब, पाणी आणि विश्रांती यांची जागा ती भुकटी घेऊ शकत नाही.

सारे बरोबर असूनही ओकत असेल तर

तापमान मोजून झाले, भक्ष्य लहान केले, विश्रांती दिली, तरीही दुसऱ्यांदा ओकला तर ताजी विष्ठा तपासायला द्यावी. गोलकृमी, कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी आणि आतड्यातील अमिबा हे उपेक्षित सापांत वारंवार आढळतात, आणि त्यांवर औषधे आहेत. ही औषधे अंदाजाने देऊ नयेत. अमिबावर दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलची मात्रा अधिक झाल्यास सापाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होऊन तो उताणा पडतो, तोल सावरू शकत नाही. औषधाची मात्रा सापाच्या वजनावर ठरते, म्हणूनही वजनाची वही उपयोगी पडते.

सर्वांत वाईट शक्यता क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस या परजीवीची आहे. तो जठराच्या अस्तरात वाढतो, अस्तर जाड होत जाते, आणि सापाच्या अंगाच्या मध्यावर, भक्ष्य नसतानाही, कडक फुगवटा हाताला लागतो. रॅट स्नेक आणि कॉर्न स्नेक यांच्यात हा आजार नवा नाही. तो पूर्ण बरा करणारे खात्रीचे औषध नाही. परजीवी सतत बाहेर पडत नसल्याने एक तपासणी निर्दोष आली म्हणून भागत नाही. ओकलेल्या पदार्थाची किंवा जठर धुऊन काढलेल्या द्रवाची पीसीआर तपासणी काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावी लागते. त्याचे कोश घरातल्या ब्लीचनेही मरत नाहीत. त्यामुळे घरात दुसरे साप असतील तर नव्या सापाला किमान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावे, त्याचे चिमटे, भांडी व टॉवेल वेगळे असावेत, आणि रोजच्या कामात त्याचा क्रम शेवटचा असावा. क्रिप्टो सिद्ध झाला आणि साप सतत खंगत असेल तर पशुवैद्य वेदनारहित मृत्यूचा पर्याय सुचवतात, आणि तो नाकारण्यापूर्वी त्यांचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे.

बाह्य परजीवींचीही दखल घ्यावी. हनुवटीखालच्या खाचेत आणि डोळ्यांच्या कडेला मिरपुडीच्या कणांसारखे काळे, हलणारे ठिपके दिसले तर ते माइट आहेत. रक्त शोषून ते सापाला इतके हैराण करतात की पचनावरही परिणाम होतो. उघड्या तोंडाने श्वास घेणे, नाकपुडीशी फुगे येणे, हिरड्यांवर लाल ठिपके अथवा पिवळा, चिजासारखा पू दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर आधी त्यावर उपचार, आणि पशुवैद्याने परवानगी दिल्यावरच भक्ष्य. साप निरोगी दिसला तरी साल्मोनेलाचे जीवाणू त्याच्या अंगावर असू शकतात, म्हणून पेटीतले काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत.

ओकल्याविना सलग सहा भक्ष्ये पचली, युरेट पांढरे येऊ लागले, वजन आठवड्यागणिक चढते आहे आणि कात एकसंध निघाली, एवढे झाल्यावर तक्रार मिटली असे मानून त्याला नेहमीच्या आकाराचा उंदीर दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने द्यायला हरकत नाही. कागदाऐवजी सालपटांचा किंवा (देवदार-पाइन सोडून इतर) भुशाचा थर, चढायला फांद्या, मोठी पेटी हे सारे त्यानंतर, एकेक करून, आणि प्रत्येक बदलानंतर किमान एक भक्ष्य पचल्याची खात्री करून.